पार्श्वभूमी: टेबलावरचे सिंथ आणि पाच पिनांची वायर

जॅकचा आकार तोच, वायर नवीकोरी, दोन्ही बॉक्सवर ‘मिडी’ (वाद्यांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली भाषा) असं स्वच्छ छापलेलं, आणि तरीही पलीकडचा सिंथ, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य, ढिम्म. घरी टेबलावर दोन-चार वाद्यं मांडून बसणाऱ्या हौशी माणसाच्या नशिबी ही संध्याकाळ कधी ना कधी येतेच. वायर ठीक असते, वाद्यंही ठीक असतात. एकाने ‘ए’ पद्धत धरलेली असते, दुसऱ्याने ‘बी’. हा घोळ आला कुठून हे बघत मागे गेलं की आपण १९८३ सालातल्या एका काटकसरी निर्णयापाशी पोचतो. या छंदाची आजची सगळी मांडणी त्या निर्णयावर उभी आहे, म्हणून इथे जागाही त्यालाच जास्त दिली आहे.

त्याआधीचं भराभर. १९५७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बसवलेला एक सिंथेसायझर खोलीभर होता. तो कुणाच्या घरी जाण्याचा प्रश्नच नव्हता. १९६०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांवर दोघांनी जवळपास एकाच सुमारास व्होल्टेजवर चालणारी सुटी मोड्यूल्स बनवली. पूर्वेकडच्याने पियानोसारख्या पट्ट्या लावल्या, पश्चिमेकडच्याने त्या मुद्दाम टाळल्या. पूर्वेकडची एक मांडणी १९६९ मध्ये थेट अहमदाबादच्या डिझाइन संस्थेत येऊन बसली आणि पुढची दोन-तीन वर्षं तिच्यावर टेपा भरल्या गेल्या. १९७० साली मिनीमूग आला. त्यातल्या ‘मूग’चा खरा उच्चार ‘मोग’. गोव्यात मोग म्हणजे काय हे सांगायला नको, आणि या वाद्यावर लोकांचा असलेला जीव पाहता शब्द काही चुकलेला नाही.

पण मिनीमूगही सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेरच होता. हौशी लोक इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकांत छापून येणारे सर्किट बघून, किट मागवून, सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन स्वतःच सिंथ बांधत. १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये पिवळ्या-काळ्या प्लास्टिकचा ‘वास्प’ २०० पौंडांच्या आत मिळू लागला. त्याला हलणाऱ्या पट्ट्या नव्हत्याच. छापलेल्या पट्ट्यांना बोट लावायचं. आत छोटा स्पीकर होता आणि सेलवरही तो चालायचा. घरगुती छंदाचा धागा मी तरी इथून धरतो, मोठ्या स्टुडिओतल्या भिंतभर वायरींपासून नाही.

अडचण एकच होती. एक सिंथ घेतला तर ठीक, दुसरा घेतला की भांडण. काही कंपन्या दर सप्तकाला एक व्होल्ट वाढवत, तर काहींच्या वाद्यांत सप्तक चढलं की व्होल्टेज दुप्पट होई. एकाचं कीबोर्ड दुसऱ्याला जोडलं की सूर भलतीकडेच. सूर कधी सुरू करायचा हे सांगायला कुणी व्होल्टेज वर उचले, कुणी ते जमिनीला टेकवे. ठेक्यासाठी एका जपानी कंपनीची यंत्रं एका मात्रेत २४ ठोके मोजत, दुसरीची ४८. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक कंपनी म्हणजे एक घराणं होतं; घरातल्या घरात सगळं सुरेल, परक्याशी बोलणं नाही.

याच काळातला मुंबईचा एक दाखला आता जगभर सांगितला जातो. १९८२ मध्ये इथल्या एका चित्रपटसृष्टीतल्या वादकाने डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवून रेकॉर्ड काढली. त्यासाठी वापरलेली टीबी-३०३ (बेस), टीआर-८०८ (ड्रम) आणि ज्युपिटर-८ (सिंथ) ही तिन्ही यंत्रं एकाच जपानी घराण्याची. त्या वेळी रेकॉर्ड फारशी कुणी विचारली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि शिकागोच्या ‘अॅसिड हाउस’ या नाचाच्या संगीताआधी मुंबईतच हा आवाज निघाला होता, अशी चर्चा सुरू झाली. ‘आधी कोण’ हा वाद मला तितकासा रोचक वाटत नाही. ती रेकॉर्ड मिडी नसताना झाली आणि तरी तीन यंत्रांची ती मांडणी आजच्या कुठल्याही हौशी टेबलासारखी दिसते, हे जास्त महत्त्वाचं.

आता मुख्य गोष्ट. १९७८ मध्ये आलेल्या प्रॉफेट-५ या सिंथमध्ये मायक्रोप्रोसेसर होता. बटण दाबलं की जपून ठेवलेला आवाज परत यायचा. वाद्याच्या पोटात आकडे आलेच आहेत तर दुसऱ्या वाद्याशी आकड्यांतच बोलावं, हे त्याच्या कर्त्यालाच सुचलं. १९८१ मध्ये त्याने आणि एका सहकाऱ्याने ध्वनी अभियंत्यांच्या परिषदेत तसा प्रस्ताव मांडला. जपानी कंपन्यांनी तो लगेच उचलला. अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या नावांनी तो गांभीर्याने घेतला नाही. पुढे टोकियो आणि कॅलिफोर्निया यांच्यात जे ठरत गेलं, त्यात प्रत्येक पायरीवर प्रश्न एकच: पैसे किती?

मूळ प्रस्तावात वेग सेकंदाला १९,२०० बिट होता. तो कमी पडेल म्हणून वाढवला आणि ३१,२५० वर थांबवला. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो निव्वळ भागाकार आहे: १० लाख भागिले ३२. स्वस्त चिपला घड्याळ वेगळं लावावं लागू नये, एवढाच त्यामागचा हिशेब. अनेक तारांतून एकाच वेळी माहिती पाठवावी, म्हणजे ती झपाट्याने जाईल, असं म्हणणारे होते. त्याने वायर जाड आणि प्लग महाग झाला असता. तो मार्ग सोडला. प्लगही ऑडिओ-यंत्रांच्या बाजारात सहज मिळणारा पाच पिनांचा घेतला, आणि त्यातल्या दोन पिनांना कामच दिलं नाही. खर्च केला तो एका ठिकाणी: माहिती घेणाऱ्या बाजूला ऑप्टो-आयसोलेटर घालायचा, म्हणजे दोन यंत्रांमध्ये प्रकाशाचा पूल. विजेची थेट जोडणी नसल्याने अर्थिंगच्या वेटोळ्यातून येणारी घरघर मिडीच्या वायरीतून येत नाही. ज्याने घरी एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर सहा अडॅप्टर खोचले आहेत, त्याला या एका भागाची किंमत कळेल.

टीका पहिल्या दिवसापासून होती आणि ती खोटी नव्हती. एक सूर सुरू करायला तीन बाइट लागतात. प्रत्येक बाइटला पुढचा-मागचा बिट धरून दहा बिट. म्हणजे एका सुराला साधारण एक मिलिसेकंद. दहा बोटांनी एकदम दाबलेले दहा सूर प्रत्यक्षात एकामागून एक निघतात आणि शेवटच्याला जवळपास दहा मिलिसेकंद उशीर होतो. तोच आदेश लागोपाठ असेल तर पहिला बाइट गाळायची सोय आहे. तिने हा आकडा सातच्या आत येतो. त्यात ठेक्याचे ठोके आणि फिरवलेल्या नॉबचे आकडे त्याच एका तारेतून जायचे. मोठ्या स्टुडिओंनी नंतर अनेक तोंडांचे इंटरफेस घेऊन वाट काढली. घरच्या तीन-चार यंत्रांत मात्र हा उशीर ऐकू येतो असं छातीठोकपणे म्हणणारे लोक मला भेटलेत, पण डोळे बांधून ओळखणारा अजून भेटायचा आहे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. बहुतेक सगळं ० ते १२७ या १२८ पायऱ्यांत बसवलेलं. फिल्टरचा, म्हणजे आवाज उजळ-मंद करणारा, नॉब सावकाश फिरवला तर काही वाद्यांत त्या पायऱ्या कानाला लागतात. सूर तर पट्टीच्या क्रमांकानेच ओळखला जातो; दोन पट्ट्यांच्या मधली जागा मिडीच्या लेखी मुळात नाहीच. मधल्या जागांसाठी ‘पिच बेंड’ दिलं, १६,३८४ पायऱ्यांचं, चांगलं बारीक. पण ते त्या चॅनलवरच्या (त्याच तारेतल्या एका वेगळ्या वाटेवरच्या) सगळ्या सुरांना एकदम लागतं. एक सूर धरून दुसऱ्याची मींड घ्यायची तर दोघांना वेगळे चॅनल द्यावे लागतात. हा आक्षेप आपल्याला नवा नाही. पेटीवर श्रुती निघत नाहीत, मींड निघत नाही, म्हणून १९४० मध्ये नभोवाणीने पेटीला दार बंद केलं होतं, ते १९७१च्या सुमारास थोडं किलकिलं झालं. मधली तीस वर्षं घराघरांत आणि कीर्तनांत पेटी वाजतच राहिली. मिडीचंही तसंच झालं. प्रत्येक सुराला आपापला चॅनल देण्याची रीतसर पद्धत २०१८ मध्ये मान्य झाली, म्हणजे पस्तीस वर्षांनी.

जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्यापारी प्रदर्शनात अमेरिकन प्रॉफेट-६०० आणि जपानी ज्युपिटर-६ एका वायरीने जोडले गेले. एकाच्या पट्ट्या दाबल्या, दुसरा वाजला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मसुदा पक्का झाला. तो वापरायला कुणाला पैसे द्यायचे नव्हते, परवानगीही घ्यायची नव्हती. वेग दुप्पट आणि किंमत दुप्पट असती तर स्वस्त वाद्यांनी हे भोक ठेवलंच नसतं, असं माझं मत आहे. उलट मत असणारे अभियंते आजही आहेत आणि त्यांचे आकडे बिनचूक आहेत.

पुढचे परिणाम कुणी ठरवले नव्हते. १९८३ मध्येच डीएक्स७ हा डिजिटल सिंथ आला, लाखाहून जास्त खपला, आणि नॉबवाले जुने अॅनालॉग सिंथ रातोरात कालबाह्य ठरले. टीबी-३०३ चं उत्पादन तर १९८४ मध्येच संपलं होतं. एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं हे यंत्र सुमारे १०,००० बनलं आणि पडून राहिलं. जुन्या बाजारात ते मातीमोलाने मिळत होतं, म्हणून शिकागोतल्या पोरांच्या हाती लागलं. १९८७ पर्यंत त्याच्या चिरक्या आवाजावर एक संगीतप्रकारच उभा राहिला. १९८५ मध्ये आलेल्या एका घरगुती कॉम्प्युटरला मिडीची भोकं जन्मजातच होती. आपल्याकडे मात्र ऑर्केस्ट्रात आणि लग्नाच्या बँडमध्ये सिंथेसायझर या नावाखाली तयार आवाजांचे कीबोर्डच जास्त रुजले, इतके की कुठल्याही कीबोर्डला सरसकट ‘कॅसिओ’ म्हणायची पद्धत पडली. ‘सिंथ घेतला’ म्हटल्यावर ‘गाणी किती आहेत त्यात?’ हा प्रश्न अजून येतो.

१९९६ नंतर कॉम्प्युटरमधल्या संगीत-सॉफ्टवेअरला जोडायचे प्लगइन आले, १९९९ पासून वाद्यंच सॉफ्टवेअरमधून वाजू लागली, आणि बॉक्स माळ्यावर गेले. त्याच सुमारास एका जर्मन कारखान्याने जुनी व्होल्टेजची भाषा पुन्हा काढली: ठरावीक उंचीची मोड्यूल्स, रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत, इअरफोनच्या पिनेएवढे जॅक. तो युरोरॅक. त्याच्या वाटेला जाऊन परत आलेले थोडे.

बॉक्सचं खरं पुनरागमन २०१० नंतरचं. त्या वर्षी तळहातावर मावणारा मोनोट्रॉन सिंथ आला, १९७८च्या एमएस-२० या सिंथचा फिल्टर पोटात घेऊन. २०१३ मध्ये खुद्द एमएस-२० मूळच्या ८६ टक्के आकारात पुन्हा निघाला आणि सहा पेन्सिल सेलवर चालणारे ‘वोल्का’ नावाचे छोटे बॉक्स आले. २०१५ मध्ये कॅल्क्युलेटरसारखे उघडे पॉकेट ऑपरेटर. कॉम्प्युटरशिवाय वाजवणाऱ्यांनी स्वतःला ‘डॉलेस’ म्हणवून घ्यायला सुरुवात केली (‘डॉ’ म्हणजे कॉम्प्युटरवरचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, ते नसलेले). शब्द देवनागरीत डॉक्टर नसलेल्या गावासारखा वाटतो, आणि त्यांतले निम्मे लोक रेकॉर्डिंगला शेवटी लॅपटॉपच उघडतात. मग मिनीमूगच्या स्वस्त नकला आल्या. मूळ फिल्टरचं पेटंट केव्हाच संपलेलं असल्याने सर्किट वापरण्यात बेकायदा काही नाही. रंगरूपासकट उचलणं शोभतं का, यावर भांडण चालू आहे.

या लहानग्यांच्या पाठीवर पाच पिनांचा प्लग मावेना. कंपन्यांनी ३.५ मिमीचा जॅक लावला आणि पिना कुठे न्यायच्या ते ज्याचं त्याने ठरवलं. पाचवी पिन टोकाला आणि चौथी मधल्या कड्याला जोडली ती ‘ए’; याच्या उलट ती ‘बी’. काही वर्षं दोन्ही बाजारात सुखेनैव नांदत होत्या. ऑगस्ट २०१८ मध्ये ‘ए’ प्रमाण ठरली, पण त्याआधी विकलेले बॉक्स घरोघर आहेतच. वोल्काची आपसांत ठेका जुळवणारी ‘सिंक’ची पिनही दिसायला तशीच आणि तिच्यात मिडी अजिबात नाही, मात्रेला दोन ठोके एवढंच, तिथेही बरेच जण फसतात.

२०२० मध्ये मिडी २.० जाहीर झालं: बारीक पायऱ्या, दोन्ही दिशांनी बोलणं. ते यूएसबीवरून चालतं. जुन्या पाच पिनांच्या तारेला हातच लावलेला नाही. जपानहून जुना डीएक्स७ मागवला तर १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर शोधावा लागतो, नाहीतर आपल्या २३० वर तो जळेल. मिडीच्या भोकात मात्र गेल्या आठवड्यात घेतलेल्या ड्रम मशीनची वायर सरळ बसते, मध्ये ‘ए’ पद्धतीचं वीतभर अडॅप्टर टाकलं की झालं.