निर्वात नलिका अ‍ॅम्प्लिफायर किट : जुळणी आणि बायस

निर्वात नलिकांवर चालणारा ध्वनिवर्धक सुट्या भागांच्या संचातून स्वतःच्या हाताने जुळवण्याची पद्धत. नलिकेला बोलण्यात सर्रास ‘व्हॉल्व्ह’ म्हणतात. या नोंदीतही तोच शब्द वापरला आहे. संचात भोके पाडलेली पत्र्याची चेसिस, पॉवर ट्रान्सफॉर्मर, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह व त्यांचे सॉकेट, रेझिस्टर, कपॅसिटर, वायर आणि जुळणीची पुस्तिका असते. भाग जागेवर बसवून सोल्डर करणे हे निम्मे काम. पहिल्यांदा वीज देताना पाळायचा क्रम आणि त्यानंतर बायस लावणे, म्हणजे सिग्नल नसताना व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहावा ते ठरवणे, हे उरलेले निम्मे. महागडे भाग जळतात ते बहुतेक वेळा या दुसऱ्या टप्प्यातल्या घाईमुळे.

व्हॉल्व्हच्या आत तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि धन दाबाच्या (व्होल्टेजच्या) प्लेटकडे धावतात. वाटेतल्या ग्रिडवरचा (जाळीवरचा) ऋण दाब किंचित कमीजास्त केला की प्लेटचा प्रवाह मोठ्या प्रमाणात कमीजास्त होतो. कॅथोड आणि प्लेट यांच्या जोडीला ही जाळी, म्हणजे तिसरा इलेक्ट्रोड, ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये आणली आणि तिथून विवर्धन शक्य झाले. मात्र पॉवर व्हॉल्व्हला हजारो ओहमचा भार लागतो आणि स्पीकर असतो ४ किंवा ८ ओहमचा. हे अंतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर मिटवतो. ८००० ओहमचा भार ८ ओहमच्या स्पीकरशी जुळवायचा तर दोन्ही बाजूंच्या वेढ्यांचे गुणोत्तर सुमारे ३२ : १ लागते. कमी स्वरांसाठी गाभ्यात लोखंड भरपूर हवे आणि उंच स्वरांसाठी वेढे थराथरांत विभागून गुंडाळलेले हवेत. म्हणून किट निवडताना व्हॉल्व्हच्या नावापेक्षा आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडे आधी पाहावे. व्हॉल्व्ह पुढे कधीही बदलता येतो, ट्रान्सफॉर्मर सहसा कोणी बदलत नाही.

इतिहास : दुसऱ्या महायुद्धानंतर सुटे भाग मुबलक झाले आणि घरी जुळणी करणाऱ्यांची संख्या वाढली. १९४७ मध्ये ब्रिटनमधील ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी १५ वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा दिला. त्याची विकृती ०.१ टक्क्याच्या आसपास होती आणि पुढची अनेक वर्षे हौशी मंडळी त्याच मापाने इतर आराखडे जोखत राहिली. त्याच वर्षी अमेरिकेत हीथकिटने ऑसिलोस्कोपचे किट विकायला काढले. अ‍ॅम्प्लिफायरची किटही मागोमाग आली. डायनाकोचे ‘स्टीरिओ ७०’ हे १९५९ चे किट विशेष गाजले. त्यात चार ईएल३४ व्हॉल्व्ह, दर वाहिनीला ३५ वॅट आणि किचकट भाग आधीच बसवलेली छापील पट्टी होती. पुढे ट्रान्झिस्टरने बाजार व्यापला तरी हे किट टिकून राहिले आणि आजही लोक त्याची दुरुस्ती व नव्याने जुळणी करतात.

जुळणी : सुरुवात भाग मोजण्यापासून करावी. प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजूनच बसवावा. ४.७ किलोओहम आणि ४७ किलोओहम यांच्या रंगपट्ट्यांत फरक फक्त तिसऱ्या पट्टीचा, एकीची तांबडी तर दुसरीची नारिंगी, आणि पिवळ्या दिव्याखाली दोन्ही सारख्याच दिसतात. सॉकेटच्या पिना खालून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजतात. वरून पाहिले की क्रम उलटतो. चुकीच्या वायरिंगचे हे सर्वांत जुने कारण आहे. नऊ पिनांच्या सॉकेटमध्ये पहिली व नववी पिन यांच्यामधली फट रुंद असते. तिची खूण पेनाने चेसिसवर करून ठेवावी. जड ट्रान्सफॉर्मर शेवटी बसवावेत, नाहीतर चेसिस उलटीसुलटी करताना हात भरून येतात आणि व्हार्निशवर ओरखडे पडतात.

वायरिंगमध्ये हीटरचा, म्हणजे कॅथोड तापवणाऱ्या तारेचा, नंबर पहिला. त्याच्या दोन तारा घट्ट पिळून चेसिसच्या कोपऱ्यातून, पत्र्याला चिकटून न्याव्यात. एका ईएल३४ ला १.५ अँपिअर लागतात, म्हणजे चार व्हॉल्व्हना ६.३ व्होल्टवर ६ अँपिअर. इतका प्रत्यावर्ती प्रवाह ग्रिडच्या तारेजवळून गेला तर स्पीकरमध्ये गुणगुण ऐकू येणारच. ग्रिडची तार आखूड ठेवावी आणि हीटरच्या जोडीला ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी.

सांधा करताना तार टॅगच्या भोकातून काढून आकडी करावी आणि पक्कडीने दाबावी. सोल्डर हटवले तरी तार सुटू नये इतकी ती पक्की हवी. मग सोल्डरिंग आयर्नचे टोक टॅग आणि तार दोघांना एकदम टेकवायचे आणि सोल्डर टोकाला न लावता तापलेल्या धातूला लावायचे. कथील ६३ टक्के आणि शिसे ३७ टक्के असलेले सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते. ते आकडीभोवती झरकन पसरते आणि चकचकीत, खोलगट कडेने तारेला बिलगते. थिजेपर्यंत हात हलला तर पृष्ठभाग मंद, खरखरीत दिसतो. हा ‘ड्राय’ सांधा. आज तो चालतो, महिन्याभराने खरखर करू लागतो. शंका आली की तो तिथेच पुन्हा तापवावा.

अर्थिंगमध्ये पॉवर सप्लायच्या पहिल्या कपॅसिटरचा ऋण टोक आणि ट्रान्सफॉर्मरची मधली तार आधी एकमेकांना जोडतात, मग तिथून पुढे जातात. चार्जिंगचे जोरदार झटके इनपुटच्या अर्थच्या तारेतून गेले तर शंभर हर्ट्झची भुणभुण येते आणि मग कितीही शील्डिंग करा, ती जात नाही. चेसिसचा पत्रा मात्र मेन्सच्या अर्थला पक्क्या स्क्रूने जोडायलाच हवा.

पहिली वीज : आत ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतात आणि स्विच बंद केल्यावरही ते कपॅसिटरमध्ये राहतात. हात घालण्यापूर्वी काही किलोओहमचा, पाचदहा वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावून चार्ज उतरवावा आणि मीटरने शून्य दिसल्याची खात्री करावी. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणे टाळावे. कपॅसिटर आणि डोळे दोन्ही धोक्यात येतात. चालू यंत्रात मोजताना एक हात पाठीमागे ठेवावा, म्हणजे प्रवाहाला छातीतून जाणारा मार्ग मिळत नाही. हा नियम जुन्या कारागिरांचा आहे आणि त्यात सूट नाही.

मेन्सच्या वाटेत ६० ते १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब जोडून ठेवावा. एलईडी दिवा इथे चालत नाही. व्हॉल्व्ह काढलेले असताना स्विच टाकल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि बल्बने ट्रान्सफॉर्मर वाचवला आहे. मग हीटरचे व्होल्ट पाहावेत. नंतर बल्ब काढून हाय टेन्शन, म्हणजे प्लेटला जाणारा उच्च डीसी दाब, मोजावे: ३२० व्होल्ट एसीवर सिलिकॉन डायोड असतील तर भाराविना सुमारे ४५० व्होल्ट डीसी मिळतात. कपॅसिटरची मर्यादा याहून वर हवी. रेक्टिफायरही (एसीचा डीसी करणारा भागही) व्हॉल्व्हच असेल, तर तो बसवेपर्यंत हाय टेन्शन दिसणार नाही. त्याला दोष समजू नये.

व्हॉल्व्ह घालण्यापूर्वी आउटपुटला स्पीकर किंवा ८ ओहमचा जाड रेझिस्टर जोडलाच पाहिजे. सिग्नल चालू असताना भार नसला तर प्लेटवर दाबाचे उंच झटके येतात आणि ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फाटू शकते.

पुष्कळ किटमध्ये आउटपुटमधून मागे ऋण फीडबॅक नेलेला असतो, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग उलटा करून आधीच्या टप्प्याला परत दिलेला असतो. ट्रान्सफॉर्मरच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर तोच फीडबॅक धन होतो आणि स्पीकर कर्कश किंचाळतो किंवा जोराने धडधडतो. तत्काळ बंद करून पुश-पुल जोडीच्या (लाटेच्या दोन बाजू वाटून घेणाऱ्या दोन पॉवर व्हॉल्व्हच्या) दोन प्लेटच्या तारांची अदलाबदल करावी. पहिल्या चाचणीसाठी म्हणूनच आवडता स्पीकर वापरू नये, टाकाऊ स्पीकर वापरावा.

बायस : यात दोन प्रकार. ‘सेल्फ’ बायसमध्ये कॅथोडचा रेझिस्टर स्वतःच ऋण दाब सांभाळतो. एका ईएल८४ ला २५० व्होल्टवर सुमारे ४८ मिलिअँपिअर दिले की त्याची १२ वॅटची प्लेट-मर्यादा गाठली जाते आणि लावण्यासारखे फारसे काही उरत नाही. ‘फिक्स्ड’ बायसमध्ये ग्रिडला वेगळा ऋण पुरवठा असतो आणि नाव काहीही असले तरी तोच हाताने लावायचा असतो.

पद्धत अशी. सॉकेट मोकळे असताना ग्रिडच्या पिनेवर, ईएल३४ मध्ये पाचव्या, ऋण दाब खरोखर येतो का ते पाहावे आणि प्रीसेट (बायस लावण्याचा छोटा बदलता रेझिस्टर) सर्वांत ऋण टोकाला फिरवून ठेवावा. हा दाब हरवला तर व्हॉल्व्ह मिनिटाभरात जळतो. मग व्हॉल्व्ह बसवून कॅथोडच्या १० ओहम रेझिस्टरवर मीटर लावावा. ०.४ व्होल्ट म्हणजे ४० मिलिअँपिअर. प्लेटवर ४३० व्होल्ट असतील तर हे १७.२ वॅट होतात, म्हणजे ईएल३४ च्या २५ वॅट मर्यादेच्या सुमारे ६९ टक्के. एबी वर्गासाठी, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह लाटेच्या निम्म्याहून थोडा अधिक भाग चालतो त्या पद्धतीसाठी, ही मात्रा योग्य. प्रीसेट हळूहळू वाढवावा, पंधरा मिनिटे तापू द्यावे आणि प्रत्येक व्हॉल्व्हकडे परत यावे, कारण एकाचा प्रवाह वाढला की पुरवठा किंचित खाली बसतो आणि बाकीचेही सरकतात. जोडीतला फरक एकदोन मिलिअँपिअरच्या आत आणावा, कारण पुश-पुल ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला असमतोल डीसी सोसत नाही.

या वेळी खोली अंधारी ठेवून डोळ्यांनीही पाहावे. हीटरचा नारिंगी उजेड आणि काचेवरची निळसर झाक निरुपद्रवी आहे. पण करड्या प्लेटच्या मध्यभागी मंद तांबडा डाग उमटू लागला तर तो मर्यादेपलीकडचा प्रवाह आहे. मीटरकडे न बघता स्विच बंद करावा. काचेच्या टोकाचा चंदेरी थर पांढरा झाला असेल, तर आत हवा शिरली आहे आणि तो व्हॉल्व्ह टाकून द्यावा.

चाचणीसाठी एक किलोहर्ट्झची साइन लाट देऊन ८ ओहम रेझिस्टरवर मोजल्यास ९ व्होल्ट आरएमएस म्हणजे सुमारे १० वॅट. ऑसिलोस्कोपवर लाटेची वरची व खालची टोके एकदम सपाट होऊ लागली की जोडी समतोल आहे. प्रीअ‍ॅम्पचे (पॉवर व्हॉल्व्हच्या आधी लहान सिग्नल वाढवणारे) व्हॉल्व्ह, उदाहरणार्थ १२एएक्स७, बदलल्यावर बायस पाहावा लागत नाही. फिक्स्ड बायसच्या यंत्रात पॉवर व्हॉल्व्ह बदलला की मात्र दर वेळी पाहावाच लागतो आणि नव्या जोडीसाठी काही तासांनी पुन्हा एकदा.