आईच्या नावाची दोन प्रश्नचिन्हं

आईला नवीन लॅपटॉप घेतला मागच्या महिन्यात. ती भरतकामाच्या ऑर्डरी घेते, ब्लाउजच्या बाह्या, साडीचे काठ वगैरे, आणि मशीनला डिझाइन द्यायचं सॉफ्टवेअर जुन्या कॉम्प्युटरवर कित्येक वर्षं सुरळीत चालू होतं. दादाने नवीन लॅपटॉप चालू करून दिला, अकाउंटला नाव प्रेमाने मराठीत दिलं, "आई". आणि तेच सॉफ्टवेअर काही केल्या इन्स्टॉल होईना. सेटअपवर डबल क्लिक केलं की पट्टी थोडी सरकायची आणि मग चौकट यायची, टेम्पररी फाइल लिहिता येत नाही, खाली ओके. ओके दाबलं की सगळं बंद.

मग जे सगळे करतात ते आम्हीही केलं. फाइल परत डाउनलोड केली, लॅपटॉप रिस्टार्ट केला, राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून बघितलं. शेजारच्या मुलाने अँटिव्हायरस बंद करा म्हणून सांगितलं, ते मात्र मी करू दिलं नाही, कारण न कळता दार सताड उघडं टाकण्यासारखं आहे ते. आई म्हणाली, "अगं, माझंच काहीतरी चुकत असेल, राहू दे." हे ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण तिचं काहीच चुकलं नव्हतं.

त्या चौकटीत एक ओळ होती, ती आम्ही चार वेळा न वाचताच ओके दाबलेलं. फाइल कुठे लिहायची होती त्याचा पत्ता होता तो. सी ड्राइव्ह, त्यात यूझर्स, त्यात ??, त्यात ॲपडेटा, लोकल, टेम्प. यूझर्सच्या पुढे आईचं नाव पाहिजे होतं तिथे दोन प्रश्नचिन्हं. "आई"मध्ये अक्षरं दोन आणि प्रश्नचिन्हंही दोन, तिथेच डोक्यात प्रकाश पडला.

सेटअप म्हणजे एक घट्ट बांधलेलं गाठोडं असतं. डबल क्लिक केलं की ते आधी स्वतःला कुठेतरी सोडतं, मग आतल्या फाइली एकेक करून जागच्या जागी नेऊन ठेवतं, आणि सोडायची ती जागा म्हणजे टेम्प नावाचं फोल्डर. विंडोजमध्ये प्रत्येक अकाउंटचं टेम्प वेगळं, ते त्या अकाउंटच्याच फोल्डरमध्ये असतं, आणि त्या फोल्डरला नाव अकाउंटचंच मिळतं. म्हणजे गाठोडं सोडायला सुद्धा आधी आईचं नाव वाचता आलं पाहिजे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून उपयोग का झाला नाही तेही इथेच कळतं, परवानगी वाढली तरी अकाउंट तेच, त्यामुळे पत्ताही तोच.

आता नाव वाचता का येत नाही? कॉम्प्युटरच्या एका बाइटमध्ये २५६ वेगवेगळे आकडे मावतात. पहिल्या १२८ जागा इंग्रजी अक्षरं, अंक, स्वल्पविराम वगैरेंना, ही वाटणी अमेरिकेत १९६३ साली आस्की नावाने ठरली. उरलेल्या १२८ जागा ज्याने त्याने आपापल्या लिपीसाठी वापरल्या, आणि अशा प्रत्येक तक्त्याला म्हणतात कोड पेज. विंडोजमध्ये पश्चिम युरोपचं १२५२ नंबरचं, रशियन वगैरेंचं १२५१. आपल्याकडे विकले जाणारे लॅपटॉप बहुतेक इंग्रजी सेटिंगवर येतात म्हणजे १२५२ वर, आणि त्या तक्त्यात देवनागरीचं एकही अक्षर नाही. बरं, तो बदलून देवनागरीचा घ्यावा म्हटलं तर रशियन, ग्रीक लोकांना जशी ती सोय मिळाली तशी आपल्याला विंडोजमध्ये मिळालेलीच नाही. भारताने १९९१ मध्ये इस्की नावाचं स्वतःचं मानक काढलं होतं, पण जुन्या प्रोग्रामांसाठी तो तक्ता विंडोजमध्ये निवडता येत नाही.

त्याच १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, जगातल्या सगळ्या लिपींना एकच तक्ता. त्यात देवनागरीला सलग १२८ जागा मिळाल्या, प्रत्येक चिन्हाला आपापला नंबर. विंडोज एनटी, म्हणजे आजच्या विंडोजचा जुना पाया, १९९३ पासून आतून युनिकोडवरच चालते, म्हणून स्क्रीनवर, फोल्डरवर "आई" व्यवस्थित दिसतं. पण जुने प्रोग्राम चालले पाहिजेत म्हणून विंडोजने फाइल उघडण्यासारखी बरीच कामं दोन-दोन दारांनी करून ठेवली, एक "ए" दार कोड पेजवाल्यांसाठी आणि एक "डब्ल्यू" दार युनिकोडवाल्यांसाठी. प्रोग्राम "ए" दाराने आला आणि त्याने पत्ता विचारला की विंडोज युनिकोडमधलं नाव १२५२ मध्ये बसवायला बघते, "आ" बसत नाही, तिथे प्रश्नचिन्ह, "ई" बसत नाही, तिथे दुसरं. मग प्रोग्राम तो प्रश्नचिन्हांचा पत्ता घेऊन परत येतो आणि म्हणतो इथे फाइल लिही. विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही, ते शोधताना "इथे कुठलंही एक अक्षर" या अर्थाने राखून ठेवलंय. तेव्हा असं फोल्डर नसतं आणि असूही शकत नाही.

एक गंमत सांगते, नाव "श्री" असतं तर प्रश्नचिन्हं चार आली असती. आपल्याला एक अक्षर दिसतं पण कॉम्प्युटरमध्ये ते श, हलन्त, र आणि दीर्घ ईकार असं चार तुकड्यांत असतं. जोडाक्षर डोळ्यांसाठी आहे, साठवताना ते सुटंच असतं.

खात्री करायला मी एकच गोष्ट बदलली. त्याच लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरांच्या नावाने दुसरं अकाउंट काढलं, तीच सेटअप फाइल, तोच अँटिव्हायरस, आणि सॉफ्टवेअर दोन मिनिटांत इन्स्टॉल! एका वेळी एकच बदलायचं म्हणजे कारण हातात सापडतं, आम्ही आधी तीन गोष्टी एकदम बदलत होतो त्यातून काही कळायची शक्यताच नव्हती.

हे फक्त जुन्या सॉफ्टवेअरचं दुखणं आहे असं समजू नका. संख्याशास्त्रवाले "आर" नावाची प्रोग्रामिंगची भाषा वापरतात, ती विंडोजवर युनिकोडला नीट सरावली एप्रिल २०२२ मध्ये, ४.२.० आवृत्तीपासून. अँड्रॉइडचे ॲप बनवताना विंडोजवर प्रोजेक्टच्या पत्त्यात इंग्रजीबाहेरचं अक्षर असलं तर आजही इशारा येतो की बिल्ड, म्हणजे लिहिलेल्या कोडचं ॲप तयार होणं, बहुतेक फसेल. मला हे खरंच खटकतं. आपलं नाव आपल्या लिपीत लिहिणं ही काही हौस नाही, आणि युनिकोड येऊन तीस वर्षांहून जास्त झाली आहेत, "डब्ल्यू" दार केव्हाचं उघडं आहे, प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी तिथून यायचंय एवढंच.

अर्थात नव्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉल अडलं की प्रत्येक वेळी हेच कारण असेल असं नाही. डीएलएल फाइल सापडत नाही म्हणत असेल तर जुन्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरबरोबर आलेला सामाईक भाग नव्यावर अजून आलेला नाही, तो भाग ज्या कंपनीने बनवला तिच्याच साइटवरून घ्यावा, सुटी डीएलएल भलत्या ठिकाणाहून आणू नये. आणि सेटअप फारच जुना, १६ बिटचा असेल तर ६४ बिटच्या विंडोजवर तो सहसा चालत नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते.

परत आईच्या लॅपटॉपकडे. मी पहिल्यांदा टेम्पचाच पत्ता बदलला, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे विंडोज असे पत्ते जिथे लिहून ठेवते त्या यादीत जाऊन, टेम्प आणि टीएमपी दोन्हींना सी ड्राइव्हवरचं साधं फोल्डर दिलं. सेटअप पार पडला, पण सॉफ्टवेअर उघडलं की लगेच बंद, कारण ते स्वतःच्या सेटिंग ठेवायला परत आईच्याच फोल्डरमध्ये जात होतं. अकाउंटचं नाव सेटिंगमधून बदलूनही भागत नाही, वरचं दिसणारं नाव बदलतं, फोल्डर जुनंच राहतं. आणि ते फोल्डर हाताने रीनेम करू नका कृपा करून, विंडोजने त्याचा पत्ता रजिस्ट्रीत, म्हणजे स्वतःच्या सेटिंगच्या नोंदवहीत, लिहून ठेवलेला असतो, दोन्हींचा मेळ बसला नाही की पुढच्या लॉगिनला आपला डेस्कटॉपच सापडत नाही.

पण नाव बदललं तरी फोल्डर बदलत नाही हीच खोड आमच्या कामी आली. इंग्रजी स्पेलिंगने नवीन अकाउंट काढलं, तिची डिझाइनं आणि फोटो त्यात आणले, सॉफ्टवेअर टाकलं, मशीनला जोडून एक कोयरी काढून बघितली, सुई बरोबर चालली. मग शेवटी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन त्या अकाउंटचं दिसणारं नाव बदललं. आता लॅपटॉप उघडला की स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत "आई" येतं, आणि आत फोल्डर इंग्रजीच आहे.