‘मात्काल्ला’: फिनिश भाषेतले वाटेवर असणे

फिनिश भाषेत ‘मात्का’ म्हणजे प्रवास, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ अंतर असाही आहे. त्याला ‘-ल्ला’ हा प्रत्यय लागला की ‘मात्काल्ला’ असे रूप तयार होते. हेलसिंकीच्या ट्राममध्ये फोनवर बोलणारा माणूस ‘ओलेन मात्काल्ला कोतीन’ म्हणतो, तेव्हा तो घराच्या वाटेवर असल्याचे सांगत असतो. या वाक्यातले ‘ओलेन’ हे क्रियापद म्हणजे केवळ ‘मी आहे’. जाणे, निघणे, चालणे यांपैकी एकही गतिवाचक क्रियापद वाक्यात नाही, तरीही बोलणारा कोणत्या दिशेने सरकतो आहे याबद्दल ऐकणाऱ्याला तिळमात्र शंका राहत नाही. हे कसे साधते, याचे उत्तर फिनिश नामांच्या शेपटाशी, म्हणजे विभक्तिप्रत्ययांत आहे.

दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. ‘हॅन ओन मात्काल्ला इंतिआन’ म्हणजे ती व्यक्ती भारताकडे येण्याच्या वाटेवर आहे, कदाचित अजून विमानातच असेल. ‘हॅन ओन मात्काल्ला इंतिआस्सा’ म्हणजे ती व्यक्ती भारतात पोहोचलेली असून इथे फिरते आहे. दोन्ही वाक्यांत क्रियापद तेच आहे आणि ‘मात्काल्ला’ही तसाच आहे, बदलला आहे तो फक्त ‘इंतिआ’ या नामाचा शेवट. ‘मात्काल्ला’ हा शब्द माणसाला प्रवासावर आणून ठेवतो, पण तो प्रवास कुठे चालला आहे की कुठे घडतो आहे, हे मुक्कामाच्या नावाला लागलेला प्रत्यय ठरवतो.

रूढ मोजणीनुसार फिनिशमध्ये 15 विभक्ती आहेत आणि त्यांपैकी सहा केवळ स्थळासाठी राखून ठेवलेल्या आहेत. त्यांचे दोन गट पडतात. पहिला गट एखाद्या गोष्टीच्या आतल्या भागाचा: ‘-स्सा’ म्हणजे आत, ‘-स्ता’ म्हणजे आतून बाहेर, आणि आत शिरण्यासाठी बहुधा शेवटचा स्वर लांबवून त्यापुढे ‘न’. दुसरा गट पृष्ठभागाचा किंवा लगतच्या जागेचा: ‘-ल्ला’ म्हणजे वर किंवा पाशी, ‘-ल्ता’ म्हणजे वरून, आणि ‘-ल्ले’ म्हणजे वर जाण्यासाठी. म्हणून प्रवासाला निघताना ‘मात्काल्ले’, प्रवासात असताना ‘मात्काल्ला’ आणि प्रवासातून परतताना ‘मात्काल्ता’ असे म्हणतात. कुठे, कुठून आणि कुठे जाण्यासाठी हे तीन प्रश्न या भाषेने कटाक्षाने वेगळे ठेवले आहेत, आणि बोलणाऱ्याला दर वेळी त्यांपैकी एकाची निवड करावीच लागते.

मराठीत हा भेद प्रत्ययावर सोपवलेला नाही. ‘मी घरी आहे’ आणि ‘मी घरी जातो’ या दोन्ही वाक्यांत ‘घरी’ तसेच राहते. ‘ती पुण्याला राहते’ आणि ‘ती पुण्याला निघाली’ यांतही ‘पुण्याला’ बदलत नाही. स्थिती की गती, हे आपल्याकडे क्रियापद सांगते. फिनिशमध्ये घरी असणे म्हणजे ‘कोतोना’, घरून निघणे म्हणजे ‘कोतोआ’ आणि घरी जाणे म्हणजे ‘कोतीन’. नामानेच दिशेचा भार उचलल्यामुळे क्रियापदाला नुसते ‘आहे’ एवढे म्हणून थांबता येते.

‘कोतोना’ हे रूप भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने मोलाचे आहे, कारण वरच्या सहांपैकी एकाही साच्यात ते बसत नाही. त्यातला ‘-ना’ हा उरली भाषाकुलातला अतिप्राचीन स्थळवाचक प्रत्यय आहे. फिनिश, एस्टोनियन, सामी, हंगेरियन आणि सायबेरियातल्या नेनेत्ससारख्या भाषा या कुलात येतात. रोजच्या वापरातल्या शब्दांत जुनी रूपे अधिक काळ टिकतात, आणि घराइतका रोजचा शब्द दुसरा कोणता असणार! म्हणूनच ‘-ना’ची जागा पुढे नव्या प्रत्ययांनी घेतली, तरी ‘कोतोना’ मागे उरला. मराठीतही नेमके असेच घडले आहे. जुन्या सप्तमीचा ‘ई’ आज सर्रास कोणत्याही नामाला लावता येत नाही. टेबल किंवा डबा या शब्दांची तशी रूपे आपण करत नाही, पण ‘घरी’, ‘दारी’, ‘गावी’ मात्र टिकून आहेत. एकमेकींशी काहीही नाते नसलेल्या दोन भाषांनी आपला जुना ठेवा घराच्याच शब्दात जपावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

‘मात्काल्ला’मधला ‘-ल्ला’ हा त्या मानाने नवा आहे. अभ्यासकांच्या मते स्थळ दाखवणारा एक ‘ल’ आणि तोच जुना ‘-ना’ एकत्र येऊन आधी ‘-ल्ना’ आणि मग उच्चाराच्या सोयीने ‘-ल्ला’ झाला. हा स्थळवाचक ‘ल’ आजच्या फिनिशमध्ये स्वतंत्रपणेही दिसतो: कॉफी म्हणजे ‘काह्वि’ आणि कॉफी मिळण्याचे ठिकाण म्हणजे ‘काह्विला’. हंगेरियन माणूस वाटेवर असताना ‘ऊतोन’ म्हणतो. ‘ऊत’ म्हणजे रस्ता, आणि त्यापुढचा ‘न’ हा त्याच प्राचीन ‘-ना’चा वंशज मानला जातो. फिनिशची सख्खी शेजारीण असलेल्या एस्टोनियन भाषेत त्याच अर्थी ‘तेल’ हा आटोपशीर शब्द आहे. ‘ते’ म्हणजे रस्ता, आणि शब्दान्तीचे स्वर झिजून गेल्यामुळे ‘-ल्ला’चा तिथे केवळ ‘ल’ उरला आहे.

या ‘-ल्ला’कडे स्थळाखेरीज इतरही कामे आहेत. ‘आउतोल्ला’ म्हणजे मोटारीने, अर्थात साधन. ‘ताल्वेल्ला’ म्हणजे हिवाळ्यात आणि ‘आमुल्ला’ म्हणजे सकाळी, अर्थात काळ. मराठीतही ‘सकाळी’ आणि ‘रात्री’ या शब्दांत स्थळाचाच प्रत्यय काळासाठी आला आहे. शिवाय फिनिशमध्ये इंग्रजीतल्या ‘हॅव’सारखे क्रियापद नाही. ‘मिनुल्ला ओन आउतो’ म्हणजे शब्दशः ‘माझ्यापाशी मोटार आहे’, आणि मराठी वाचकाला ही रचना मुळीच परकी वाटणार नाही. मालकी दाखवणारा प्रत्ययही शब्दाच्या शेवटी जोडता येतो, त्यामुळे ‘माझ्या प्रवासात’ एवढे सगळे ‘मात्काल्लानि’ या एका शब्दात मावते.

वाटेवरच्या माणसासाठी फिनिशमध्ये आणखी दोन शब्द सतत कानी पडतात. ‘मेनोस्सा’ म्हणजे जाण्याच्या क्रियेत असलेला आणि ‘तुलोस्सा’ म्हणजे येण्याच्या क्रियेत असलेला. दोन्हींत ‘आत’ दाखवणारा ‘-स्सा’ आहे. फिनिशमध्ये भविष्यकाळाचे स्वतंत्र क्रियारूप नसल्यामुळे ‘तुलोस्सा’ला बरेच काम पडते. ‘ताल्वि ओन तुलोस्सा’, म्हणजे हिवाळा येतो आहे, यात हिवाळासुद्धा वाटेवरचा प्रवासी ठरतो. मुक्कामी पोहोचल्यावर मात्र ‘पेरिल्लॅ’ म्हणतात. टोक किंवा मागचा भाग या अर्थाच्या ‘पेरॅ’ शब्दाचे हे रूप आहे, आणि त्यातला ‘-ल्लॅ’ म्हणजे आपला ‘-ल्ला’च. फिनिशमध्ये प्रत्ययाचा स्वर शब्दातल्या स्वरांशी जुळवून घेतो, म्हणून ‘मात्काल्ला’ पण ‘पेरिल्लॅ’. एखाद्या विषयाची पुरती माहिती असलेला माणूसही त्या विषयाबाबत ‘पेरिल्लॅ’ असतो.

दिशेचे हे भान प्रत्यक्ष हालचाल नसलेल्या ठिकाणीही सुटत नाही. पुस्तक घरी विसरले, असे सांगताना फिनिश माणूस ‘कोतोना’ न म्हणता ‘कोतीन’ म्हणतो, जणू विसरण्यानेच ते पुस्तक घरात जाऊन पडले. घरी थांबायचे असले तरी ‘कोतीन’च. उलट, खिशात किल्ली सापडली तर ती ‘तास्कुस्ता’, म्हणजे ‘खिशातून’ सापडते. नव्याने फिनिश शिकणाऱ्याला हे पाठ करण्यावाचून सहसा गत्यंतर नसते.

मुक्कामाचे नाव तर विशेष काळजीने उच्चारावे लागते, कारण गावागावाचा गट वेगळा आहे. हेलसिंकीकडे निघालेला ‘मात्काल्ला हेल्सिंकीन’ असतो, म्हणजे आतल्या गटात. ताम्पेरे शहराकडे निघालेला मात्र ‘मात्काल्ला ताम्पेरेल्ले’, म्हणजे पृष्ठभागाच्या, अर्थात बाहेरच्या गटात. इथे शेवटच्या ‘ए’चा ‘आ’ झाला तर तो ताम्पेरेत आधीच पोहोचलेला ठरतो. रोवानिएमी या नावातल्या ‘निएमी’चा अर्थ भूशिर, आणि भूशिरावर जायचे असल्यामुळे ‘रोवानिएमेल्ले’ हे रूप समजण्यासारखे आहे. पण लाह्ती म्हणजे उपसागर, आणि त्या शहराला आतला गट लागतो. परदेशांत भारत आणि स्वीडन आतल्या गटात आहेत, तर रशिया बाहेरच्या. त्या त्या गावचे लोक कोणते रूप वापरतात, त्यावरून ते रूढ होते. त्यामुळे अनोळखी गावाकडे निघालेला फिनिश भाषकसुद्धा कधीकधी शब्दकोश उघडून पाहतो.