प्लग काढला तरी पिक्चर ट्यूबमध्ये करंट असतो

"प्लग काढलाय ना, मग उघड बिनधास्त." जुन्या डबा टीव्हीबद्दल हे वर्षानुवर्षं ऐकत आलोय. कृपया यावर विश्वास ठेवू नका.

रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला 20 ते 25 हजार व्होल्ट लागतात. ट्यूबच्या आत-बाहेर वाहक थर, मध्ये काच. म्हणजे अख्खी ट्यूबच कपॅसिटर, वीज साठवून ठेवणारा भाग. प्लग काढल्यावरही तिच्यातला चार्ज कित्येक तास टिकू शकतो. हात लागला तर शॉकने तो मागे फेकला जातो आणि ट्यूबची नाजूक मान फुटते, ते वेगळंच.

ट्यूबच्या पाठीवरच्या रबरी टोपीत जाड वायर शिरते, चार्ज तिथे. तो काढून टाकायला चांगल्या इन्सुलेशनच्या लांब स्क्रू ड्रायव्हरला वायर जोडा, तिचं दुसरं टोक आधी ट्यूबभोवतीच्या उघड्या अर्थ-तारेला घट्ट लावा, मगच पातं टोपीखाली सरकवा. दुसरा हात सेटपासून लांब. 'टक्' असा आवाज येईल. थोड्या वेळाने हेच पुन्हा करा, कारण काचेत मुरलेला चार्ज परत वर येतो. नेमकं हेच बरेच जण विसरतात.

पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्येही 300 व्होल्टच्या आसपास असू शकतात. तो मीटर लावून तपासा.