लांब इंग्रजी शब्द: तुकडे कसे पाडायचे, जोर कुठे द्यायचा
(आमच्या इंग्रजी संभाषण वर्गात नाव घालणाऱ्यांसाठी)

मराठीत जोर इकडचा तिकडे गेला तरी अर्थ बिघडत नाही. इंग्रजीत लांब शब्दातलं एक सिलेबल, म्हणजे एका स्वराचा उच्चारी तुकडा, ठसठशीत येतं आणि आजूबाजूची चेपली जातात. व्याकरण चोख असूनही समोरचा पुन्हा विचारतो, त्याचं कारण पुष्कळदा इथेच असतं.

सिलेबल मोजताना स्पेलिंग विसरा, कानाला स्वर किती लागतात ते बघा. Wednesday, म्हणजे वेन्झ-डे: अक्षरं नऊ, सिलेबल दोनच. कम्फर्टेबलचे आपण चार तुकडे करतो. इंग्रज बहुधा तीन करतो, ˈकम्फ-ट-बल. (ˈ ही खूण जोराच्या तुकड्याआधी येते. बहुतेक शब्दकोशांतही ती अशीच दिसेल. तीच खूण खाली असली तर जोर दुय्यम.)

जोर ओळखायला शब्दाची शेपटी धरा. शेवटी शन असेल तर त्याच्या लगेच आधी: इन-फ-ˈमे-शन. इक आणि इटीचंही तेच: इ-क-ˈनॉ-मिक, इ-लेक-ˈट्रि-सि-टी. लॉजीवाल्या शब्दांत शेवटून तिसरा तुकडा: टेक-ˈनॉ-ल-जी. इंजि-ˈनिअर, एम्प्लॉ-ˈई यांत मात्र जोर शेपटीवरच. अपवाद आहेतच, इकच्या नियमाला न जुमानणारा ˈपॉ-लि-टिक्स हा रोजच्या बातम्यांतला.

खरी गंमत एका घरातल्या शब्दांची. ˈफो-ट-ग्राफ, फ-ˈटॉ-ग्र-फी, फो-ट-ˈग्रॅ-फिक. मूळ एकच, पण जोर दर वेळी एक घर पुढे सरकतो, आणि ज्या तुकड्यावरून तो उठतो तिथला स्वर मिटून आपल्या अ पेक्षाही आखूड होतो. हा मिटलेला स्वर इंग्रजीत सगळ्यांत जास्त वेळा येतो. आपण तो पूर्ण उच्चारतो, म्हणून आमच्या वर्गात जोर वाढवण्याआधी बाकीचं दाबायला शिकवतो.

काही जोड्यांत जोरावर अर्थही ठरतो: ˈरे-कॉर्ड हे नाम, रि-ˈकॉर्ड हे क्रियापद. आणि हॉटेल? इंग्रजीत हो-ˈटेल. मिसळ खायला निघालात तर आपलं हॉटेलच बरं.

काही अमेरिकन शब्दकोशांत शब्दामध्ये ठिपके असतात. ते ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा हे सांगतात, उच्चाराशी त्यांचा मेळ बसेलच असं नाही.

पहिल्या तासाला येताना तुमच्या कामात रोज लागणारे दहा लांब शब्द लिहून आणा. सराव त्यांच्यावरच होईल.