स्त्रीवादी कलेतील स्त्रीदेह

स्वतःचे शरीर स्वतः रंगवण्याचा आणि त्याचा अर्थही स्वतः लावण्याचा स्त्री कलावंतांचा प्रयत्न. अमेरिका आणि युरोपात १९६० च्या दशकाअखेरीस त्याला चळवळीचे रूप आले. अन्याय मात्र त्याहून जुना होता.

लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या (१७६८) संस्थापक सदस्यांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोघी चित्रकार होत्या. योहान झॉफनीने १७७१-७२ मध्ये रंगवलेल्या समूहचित्रात पुरुष सदस्य नग्न मॉडेलभोवती जमले आहेत. या दोघी कुठे? भिंतीवर, चौकटीतल्या व्यक्तिचित्रांत. नग्न पुरुषासमोर बायकांनी उभे राहणे शिष्टसंमत नव्हते. देहाचा अभ्यास हा तिथल्या चित्रशिक्षणाचा पाया, आणि तोच त्यांना बंद होता. चित्रात नग्न व्हायला मात्र स्त्रीला कधीच मज्जाव नव्हता. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘गुरिल्ला गर्ल्स’ या स्त्री कलावंतांच्या गटाने मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये मोजदाद केली: आधुनिक कला विभागातल्या कलावंतांत स्त्रिया ५ टक्क्यांहून कमी, नग्नचित्रांत ८५ टक्के.

अमेरिकी कलावंत ज्युडी शिकागो यांच्या ‘द डिनर पार्टी’ या मांडणशिल्पात, म्हणजे वस्तू मांडून उभारलेल्या कलाकृतीत (१९७४–७९), ३९ स्त्रियांसाठी त्रिकोणी टेबल मांडले आहे, बहुतेक ताटल्यांवर योनीचे आकार आहेत. सोजर्नर ट्रूथ या कृष्णवर्णीय स्त्रीच्या ताटलीवर मात्र चेहरे आले. तिचा देहच पुसला गेला, हा कृष्णवर्णीय स्त्रीवाद्यांनी घेतलेला आक्षेप रास्तच होता.

आपल्याकडे या विषयात सगळ्यात जिव्हारी लागणारे काम रुमाना हुसेन (१९५२–९९) यांचे. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली, मुंबई पेटली. त्यानंतर त्या कॅनव्हासकडून मांडणशिल्पाकडे आणि परफॉर्मन्स आर्टकडे, म्हणजे प्रेक्षकांसमोर स्वतःच्या देहाने साकारायच्या कलेकडे वळल्या. १९९५ मध्ये मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात त्या चालत राहिल्या: पायात घुंगरू, हातात मधोमध चिरलेली पपई, तोंड सताड उघडे, पण आवाज नाही. गरोदर बाईने पपई खाऊ नये, असे आपल्याकडे घरोघर बजावतात. तीच पपई इथे चिरलेल्या कुशीसारखी समोर येते, आणि दंगलीत बायकांच्या देहांवर काय गुदरले असेल ते वेगळे सांगावे लागत नाही. पुढे स्तनाच्या कर्करोगाने गाठल्यावर हा आजारी देहही त्यांनी कलेबाहेर ठेवला नाही. १९९८ च्या ‘इज इट व्हॉट यू थिंक?’ या प्रयोगात प्रेक्षकांसमोर बसून त्यांनी एका मुसलमान बाईविषयीचे प्रश्नामागून प्रश्न वाचले.