न्हाणीघराचा तळ : जुन्या घरात टाइल बसवण्यापूर्वीची तयारी

टाइल ज्या पृष्ठावर चिकटवायची तो थर म्हणजे तळ. तो ताठ, सपाट, कोरडा आणि स्वच्छ करून घेण्याच्या कामाला तळाची तयारी म्हणतात. जुन्या घरातला तळ बऱ्याच हातांखालून गेलेला असतो : नळजोडणी बदलताना कोणी तुळईला खाच पाडलेली असते, कोणी जुन्या फरशीवरच नवी चढवलेली असते, कोणी खड्ड्यात नुसता माल दाबलेला असतो. म्हणून इथे कामाची सुरुवात माल कालवण्याने नव्हे, तपासणीने होते. जमीन उंचसखल का झाली हे कळल्याशिवाय ती सपाट केली, तर कारण खाली तसेच राहते आणि वर्ष-दोन वर्षांत टाइलच्या सांध्यांतून वर येते.

सपाटी आणि पातळी : या दोहोंची गल्लत सर्रास होते आणि तीच सर्वांत महागात पडते. जमीन पातळीत आहे म्हणजे स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मध्यावर येतो. सपाट आहे म्हणजे सरळ पट्टी कुठेही टेकवली तरी तिच्याखाली फट दिसत नाही. टाइलला सपाटी लागते. घर एका अंगाला कललेले असेल, पण तो कल जुना, थांबलेला आणि एकसारखा असेल, तर टाइल त्यावर उत्तम बसते. शॉवरखाली तर मुद्दाम ढाळ द्यावा लागतो, साधारण दोन टक्के, म्हणजे मीटरमागे २० मिमी. अमेरिकी मानकांप्रमाणे सर्व कडा १५ इंचांहून (सु. ३८० मिमी) लहान असलेल्या टाइलसाठी १० फुटांत पाव इंचापर्यंत, म्हणजे तीन मीटरमध्ये सुमारे ६ मिमी, फरक चालतो. एक जरी कडा १५ इंच किंवा अधिक असेल, तर मर्यादा निम्म्यावर येते. मोठी टाइल खळग्यात उतरत नाही, त्याच्यावर आडवी पडून राहते. मग तिची कडा शेजारच्या टाइलपेक्षा वर येते, खाली पोकळी राहते आणि जड वस्तू पडली की नेमकी तिथेच टाइल फुटते. जुन्या, वेड्यावाकड्या न्हाणीघरात लहान टाइल निवडणे हाही तयारीचाच भाग मानायला हवा. त्याने अर्धे काम वाचते.

तपासणीसाठी दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन ती सर्व दिशांनी फिरवतात आणि उंचवटे व खळगे पेन्सिलीने जमिनीवरच आखतात. आधी उंचवटे बघावेत. एका कोपऱ्यातला ४ मिमीचा फुगवटा घासून काढला, तर उरलेली सगळी जमीन ४ मिमीने वर उचलावी लागत नाही.

लाकडी तळ : जुन्या घरांत खरी गुंतागुंत इथे असते. तुळयांवर फळ्या ठोकलेल्या जमिनीत दोन प्रकारची हालचाल होते. पहिली भाराखालची लवचीकता. सिरॅमिक टाइलसाठी तुळईचा झोक (भाराखाली येणारा बाक) तिच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, ३६०व्या भागापेक्षा जास्त नसावा आणि नैसर्गिक दगडासाठी ७२०व्या भागापेक्षा, असा प्रचलित निकष आहे. ३.६ मीटरच्या गाळ्यात पहिली मर्यादा १० मिमी होते, दुसरी ५ मिमी. दुसरी हालचाल दमटपणामुळे होते : लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि आकसते, टाइल मात्र जागची हलत नाही. त्यामुळे सुट्या फळ्यांवर टाइल थेट कधीच चिकटवू नये.

कमोडच्या बुडाशी आणि टबच्या कडेला लाकूड आधी कुजते. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. तो सहज आत गेला, तर तेवढा भाग कापून निरोगी लाकडापर्यंत पोहोचावे लागते. झुकलेल्या किंवा खाच पडलेल्या तुळईला शेजारी नवी तुळई जोडून बळकटी देतात. बरीच वर्षे भाराखाली राहिलेले लाकूड त्या आकारातच कायमचे वाकते. ते जॅक लावून एका दिवसात सरळ करण्याच्या नादात भिंतींच्या गिलाव्याला तडे जातात. बहुतेक वेळा नवी तुळई हव्या त्या उंचीला लावून वाकलेली तशीच ठेवणे शहाणपणाचे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अनेक अमेरिकी घरांत टाइलखाली सिमेंट-वाळूचा जाड थर असे आणि तो मावावा म्हणून तुळयांच्या वरच्या कडा तासून निमुळत्या केलेल्या असत. असा थर ५० मिमी जाड असेल, तर चौरस मीटरला सुमारे १०० किलो भरतो. तो फोडून काढल्यावर हाती येतात त्या तासलेल्या तुळया, आणि नव्या पातळ थराला त्यांचा आधार पुरत नाही. थर शाबूत असेल, टोकल्यावर पोकळ वाजत नसेल, तर तो वाचवण्याचा विचार आधी करावा.

तुळया पक्क्या झाल्या की फळ्या स्क्रूने आवळून त्यांवर प्लायवूड बसवतात. प्लायवूडच्या तावांमध्ये सुमारे ३ मिमी फट सोडतात. पाण्याने फुगणारा भुशाचा बोर्ड सापडला, तर तो काढून टाकावा. प्लायवूडवर सिमेंट बोर्ड किंवा टाइलला तळाच्या हालचालीपासून सुटे ठेवणारा पॉलिथिलीनचा पडदा येतो. सिमेंट बोर्डाने जमीन ताठ होते हा गैरसमज आहे. तो टाइल चिकटायला योग्य पृष्ठ देतो, एवढेच. त्याच्याखाली माल पसरतात तोही मुख्यतः पोकळ्या भरण्यासाठी. बोर्ड धरून ठेवतात ते स्क्रू.

काँक्रीटचा तळ : हा ताठ असतो, पण ओलावा, लोणा (पृष्ठावर येणारे पांढरे क्षार), जुना रंग आणि मेणाचे थर त्रास देतात. पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो मुरला नाही आणि मण्यासारखा वर राहिला, तर चिकटद्रव्यही धरणार नाही. तिथे घासणे आलेच. नुसत्या केसासारख्या भेगेवर वर सांगितलेला पॉलिथिलीनचा पडदा चालतो. भेगेची एक बाजू दुसरीपेक्षा वर असेल, तर प्रश्न टाइलचा नसून बांधकामाचा आहे. खाली ९ इंची जुन्या व्हिनाइल टाइल किंवा काळे डांबरी चिकटद्रव्य निघाले, तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. प्रयोगशाळेत नमुना तपासून घेईपर्यंत ते घासू किंवा फोडू नये.

आपोआप पसरणारे मिश्रण : खळगे भरण्यासाठी हे सिमेंटी मिश्रण सर्वाधिक वापरले जाते आणि सर्वाधिक चुकीचेही. आधी प्रायमर लावला नाही, तर तळ त्यातले पाणी शोषतो, बुडबुडे उठतात आणि थर सुटतो. पाणी पिशवीवर लिहिलेल्या मापानेच घालावे; ‘जरा सैल’ केले की वरचा थर भुसभुशीत होतो. कालवल्यानंतर साधारण १० ते २० मिनिटेच हाती असतात, म्हणून सगळा माल सलग ओततात. नळांभोवतीची भोके आणि फळ्यांमधल्या फटी आधी बुजवल्या नाहीत, तर मिश्रण खालच्या मजल्याच्या छतावर पोहोचते. लाकडावर ओतताना जाळीही लागते. जिप्समवर आधारलेली मिश्रणे ओलाव्यात कमजोर पडतात. न्हाणीघरात ती टाळावीत. हे मिश्रण पातळी धरते, त्यामुळे कललेल्या जमिनीवर खालच्या अंगाला भराभर साचते : ४ चौरस मीटरच्या खोलीत एका टोकाला २० मिमी उतार असला, तरी सुमारे ४० लिटर मिश्रण लागते आणि तेवढा भार तुळयांवर वाढतो. शॉवरचा ढाळ याने देता येत नाही. त्यासाठी थापीने लावायचा घट्ट मालच हवा. टाइलचे चिकटद्रव्य जाड थापून खळगे भरणेही टाळावे. सुकताना ते आकसते आणि टाइल खाली ओढली जाते.

प्रत्येक थराने जमीन वर चढते, हे दार उघडेना तेव्हाच बहुतेकांच्या लक्षात येते. उंबरठा, दाराखालची फट आणि कमोडच्या जोडाची उंची आधीच मोजून घ्यावी. कमोडचा जोड तयार टाइलच्या वर टेकायला हवा.

टाइल किंवा ग्राउट (टाइलच्या सांध्यांत भरायचा माल) पाणी अडवत नाहीत. जलरोधक थर वेगळा द्यावा लागतो. तो भिंतींवरही चढवतात, आणि शॉवरच्या भागात पाणी किमान २४ तास तुंबवून गळती तपासतात. जमीन आणि भिंत यांच्यामध्ये सुमारे ६ मिमी फट मोकळी सोडून ती नंतर सिलिकॉनने भरतात, ग्राउटने नव्हे. टाइल बसवायला लागल्यावर पहिल्या काहींपैकी एखादी लगेच उचलून पाठ पाहावी. ओल्या जागेत तिचा निदान ९५ टक्के भाग मालाने भरलेला असावा. मधेच कोरडे ठिपके दिसले, तर माल कमी पडतोय किंवा तळात अजून खळगा आहे.